लोड हवेत असताना

समजा, तुमच्या घरात एकच कॉम्प्युटर आहे, आणि तोही तुमचा नाही, ऑफिसचा आहे. त्याच्या आत काही टाकायचं नाही आणि आतलं काही हलवायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. आणि घरातल्या एका माणसाला त्यावर गेम खेळायचाय. हौस म्हणून नाही, औषध म्हणून. मग तुम्ही काय कराल? तळहातावर मावेल अशी एक बाहेरची ड्राइव्ह आणाल, तिची वायर कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसाल आणि गेमसाठीच बनवलेली, फुकट मिळणारी एक दुसरी ऑपरेटिंग सिस्टम त्या ड्राइव्हवर उतरवाल. म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला की तो विचारेल, आज कुठल्या घरात जायचं, आतल्या की बाहेरच्या? बाहेरच्या घरात गेलात की ऑफिसच्या फायलींना त्याची गंधवार्ताही नाही. साप मरतो, काठी मोडत नाही.

ती सिस्टम उतरवताना एक प्रश्न येतो, कुठल्या डिस्कवर? चुकीच्या ओळीवर बोट पडलं तर ऑफिसचं सगळं काम पुसलं जाणार. तुम्ही ती नावं पुन्हा पुन्हा वाचता, श्वास रोखता, बरोबर डिस्क निवडता आणि हुश्श म्हणता. त्या हुश्शच्या नादात पडद्याच्या तळाशी असलेली एक बारीक ओळ नजरेतून सुटते. ती विचारत असते, घर बाहेर बांधतोय, पण दार कुठे बसवू?

मिलीताईच्या नजरेतून ती ओळ सुटली होती. आणि तिला ते कळायला अख्खा हिवाळा जावा लागला.

मिलीताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लोखंडी जिने आणि कठडे बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी ती ड्रॉइंग काढायची. भोक अर्धा मिलीमीटर इकडचं तिकडे झालं तरी वर्कशॉपमध्ये फोन करायची, म्हणून तिथल्या कटरवाल्यांनी आणि वेल्डरांनी तिचं नाव मिलीमीटरताई ठेवलं होतं. पुढे जिभेला सोपं म्हणून मिलीताई उरलं. स्वभावही तसाच. घरातल्या कपाटाचं दार करकरलं तरी बाई पट्टी घेऊन बिजागरी मोजायला बसायची.

ती घरून काम करायची ती बाबांसाठी. बाबा कंटेनर यार्डात क्रेनवर होते. घराएवढे लोखंडी डबे उचलून एकावर एक रचायचे, आणि तेही असे, की खालच्या माणसाला डबा टेकल्याचा आवाजसुद्धा येऊ नये. एका सकाळी दात घासता घासता त्यांना झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र माहेरी आलेल्या रुसक्या मुलीसारखा कोपऱ्यात बसून राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी दोन दिवस तो दाबला आणि तिसऱ्या दिवशी, मी काय लिंबं पिळायला बसलोय का, असं म्हणून सोडून दिला. चेंडू कपाटाखाली गेला तो गेलाच.

मिलीताईने साहेबांच्या हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मिळवली होती. साहेबांना ही सवलत मनापासून पटलेली नव्हती. आज एकीला दिली, उद्या सगळ्यांना हवी होईल, असं ते येता-जाता ऐकवायचे. तेव्हा कॉम्प्युटर स्वच्छ ठेवायचा आणि काम वेळेत द्यायचं, बोट ठेवायला जागा द्यायची नाही, एवढंच तिच्या हातात होतं. परवानगी गेली तर बाबांजवळ दिवसभर आत्या एकटी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचे गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

क्रेनचा गेम शोधून काढला तो मिलीताईनेच. दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा कंट्रोलर, उजव्या दांडीने डबा वर-खाली, डाव्या दांडीने आडवा. डावा अंगठा हलवल्याशिवाय डबा जागचा हलणारच नाही. बाबांनी पहिल्या दिवशी गेमला नावं ठेवली. वारा खोटा आहे, दोर खोटा आहे, आणि असला ड्रायव्हर आमच्याकडे असता तर त्याला झाडू मारायला लावला असता, म्हणाले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या येऊन खुर्चीत बसले. त्यानंतर रोज दुपारी मिलीताई जेवायला उठली की खुर्ची बाबांची. हिवाळा सरेपर्यंत त्यांचा डावा अंगठा दांडीला टेकायला लागला, मग ढकलायला लागला.

घरात त्या ड्राइव्हला सगळे 'बाबांची बाहेरची' म्हणायचे. आत्या म्हणायची, 'बाहेरची बाधा'. झाड धरतं तसं या वयात माणसाला डबे धरलेत, यावर उतारा नाही, असं ती भाजी निवडता निवडता सांगायची.

त्या सकाळी मिलीताई चहाचा कप घेऊन कामाला बसली. एका दवाखान्याच्या मागच्या लोखंडी जिन्याचं ड्रॉइंग दुपारच्या आत वर्कशॉपला जायचं होतं. जेवणाची सुट्टी संपली की पत्रे कटिंगला लागणार होते. आदल्या संध्याकाळी तिने त्यात शेवटच्या दुरुस्त्या केल्या होत्या, आणि त्या फक्त याच कॉम्प्युटरवर होत्या. तिने बटण दाबलं.

पडदा काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच, की अमुक एक उपकरण सापडत नाही. खाली एक शब्द, 'रेस्क्यू', आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ. वाचवतो म्हणतोय की वाचवा म्हणतोय, कळायला मार्ग नाही.

तिने बंद केला, चालू केला. तेच. सुरुवातीची सेटिंग उघडायला गेली, तर पासवर्ड मागितला. तो तिच्याकडे नव्हता. गेल्याच महिन्यात ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी बसल्या जागेवरून सगळ्यांच्या यंत्रांच्या मुळालाच कुलूप घातलं होतं. त्यांना माघारी सगळे कुलूपराव म्हणायचे. कमी बोलणारा, नाकासमोर चालणारा माणूस. त्याने कधी कुणाचं वाकडं केलं नव्हतं आणि कधी कुणासाठी नियमही वाकवला नव्हता.

घाबरला की माणूस आधी फोन उचलतो आणि मग विचार करतो. मिलीताईने फोन उचलला. कॉम्प्युटर सुरूच होत नाही, सकाळपासून बूटच होत नाहीये, जरा पासवर्ड सांगता का, म्हणाली. कुलूपरावांनी शांतपणे सांगितलं की पासवर्ड फोनवर द्यायचा नसतो, ते त्याच भागात एका ठिकाणी आलेत, तिथलं आटपून स्वतःच येतात. आणि फोन ठेवला.

दारातून आत्या ऐकत होती. "बूट होत नाही तर एक नंबर मोठा घ्यावा," ती म्हणाली. "तुझ्या बापाला मात्र झाले हो आज. घातले आणि गेला."

मिलीताईला आधी त्यातला विनोदच कळला, अर्थ मागाहून कळला. ती बाहेरच्या खोलीत गेली. चपलांच्या मांडणीत बाबांचे बूट नव्हते. यार्डातले, नाडीचे. आजारपणानंतर बाबा पट्टीची चप्पल घालायचे, कारण एका हाताने नाडी बांधता येत नाही, आणि मुलीकडून बांधून घ्यायला ते तयार नव्हते. त्यांचा फोन चार्जरला तसाच लटकत होता.

आत्या म्हणाली, जरा खाली जाऊन येतो म्हणाला, तू आंघोळीला होतीस तेव्हा. एकटा? एकटा नाही तर काय वरात घेऊन जाणार होता?

आजारपणानंतर बाबा एकटे जिना उतरले नव्हते. मिलीताई खिडकीकडे धावली. खालचा बाक रिकामा होता. ती परत आत आली, आणि तेव्हा कुठे तिचं लक्ष कॉम्प्युटरच्या पाठीकडे गेलं. बाहेरची जागेवर नव्हती. वायरही नव्हती.

ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला एक सवय असते, तुकडे बघून तो मनात जोडणी करतो. ती तिने आत्ता केली. ड्राइव्ह नाही म्हणून कॉम्प्युटर सुरू होत नाही. म्हणजे रोज सकाळी 'आतलं घर की बाहेरचं घर' असं विचारणारी ती दोन ओळींची पाटी बाहेरच्या ड्राइव्हवरून येत नव्हती. दार आत बसलं होतं, ऑफिसच्या डिस्कवर, जुन्या दाराच्याही पुढे. आणि त्या दाराच्या बिजागऱ्या होत्या बाहेरच्या ड्राइव्हवर. तिने सगळं तपासलं होतं. जोडून पाहिलं होतं, दोन्ही घरांत जाऊन पाहिलं होतं, बंद करून, चालू करून पाहिलं होतं. एक गोष्ट केली नव्हती. ती काढून पाहिली नव्हती. बाबांना एका हाताने वायर खुपसता यायची नाही, म्हणून ड्राइव्ह लावली ती कायमचीच.

आणि आता कुलूपराव येणार होते. ते पासवर्ड टाकून आत बघणार, आणि पहिल्याच पानावर त्यांना गेमच्या सिस्टमचं नाव दिसणार. आत काही टाकायचं नाही, या एका अटीवर मिळालेली परवानगी. तिनेच त्यांना बोलावणं धाडलं होतं. तिने परत फोन लावला, सुरू झाला हो, येऊ नका, असं सांगायला. फोन वाजत राहिला. गाडीवर असणार.

बाबा आणि ड्राइव्ह, दोन्ही कुलूपरावांच्या आधी घरात यायला हवे होते. ड्राइव्ह लागली की पाटी दिसेल, पाटी दिसली की आतलं घर उघडेल, ड्रॉइंग जाईल, आणि कुलूपरावांना एक चहा पाजून वाटेला लावता येईल. तिने पायात चपला सरकवल्या आणि आत्याला सांगितलं, ऑफिसचे कोणी आले तर जरा वेळ काढ.

"वेळ काढायला मला शिकवू नकोस," आत्या म्हणाली. "तुझ्या आतोबांबरोबर अख्खा संसार काढलाय मी."

खाली कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने बाबांना पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, त्यांची दाढी केली होती. कुठे निघालात विचारलं तर कामावर म्हणाले, आणि बसमध्ये चढले, असं त्याने सांगितलं. बसची पायरी उंच, दांडा डाव्या बाजूला. मिलीताई टॅक्सीत बसली आणि यार्डाचं नाव सांगितलं. सिग्नलला गाडी थांबली की ती फुटपाथ बघायची, कुठे गर्दी जमलीय का, कोणी पडलंय का. मग तिला स्वतःचीच लाज वाटायची, कारण त्या भीतीच्या पाठोपाठ दुसरी भीती यायची, की बाबा पडले असतील तर खिशातली ड्राइव्हही फुटली असेल.

यार्डाच्या फाटकावर तिला फार सांगावं लागलं नाही. चेहरा बापावर गेला होता. पहारेकऱ्याने बोट दाखवलं, शिकाऊ ऑपरेटरांची खोली, डावीकडची. ती पळतच गेली.

खोलीत मधोमध क्रेनच्या केबिनमधली असते तशी खुर्ची होती, दोन्ही हातांशी दोन दांडे, समोर तीन मोठे पडदे. खुर्चीत बाबा होते. ताजी दाढी, इस्त्रीचा शर्ट, पायात नाडीचे बूट. डाव्या बुटाची नाडी बांधलेली नव्हतीच, नुसती आत कोंबलेली होती. शर्टाच्या खिशातून वायरचं शेपूट बाहेर आलं होतं. शेजारी खुणेवाले काका उभे होते. बाबा वर केबिनमध्ये असायचे तेव्हा खाली जमिनीवर उभे राहून हातांनी खुणा करणारे हे काका. उतरव, थोडं डावीकडे, थांब. बाबांनी आयुष्यात दोनच माणसांचं मुकाट्याने ऐकलं, असं आत्या म्हणायची. एक हे आणि दुसरा झटका.

टेबलावर खोलीतला जुना कॉम्प्युटर उघडाबोडका चालू होता. पडद्यावर एक ओळ, सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. मिलीताईला न विचारताच कळलं. काकांना गेम दाखवायला बाबांनी इथे ड्राइव्ह लावून पाहिली होती आणि ती सुरू झाली नव्हती. कशी होणार? दार घरी राहिलं होतं. ड्राइव्हशिवाय घरातलं यंत्र उठत नव्हतं आणि घराशिवाय ड्राइव्ह.

मग काकांनी त्यांना या खुर्चीत बसवलं असावं. समोरच्या पडद्यावर एक लाल डबा दोराला लोंबकळत होता, डावी-उजवीकडे झोके खात.

खिशापर्यंत हात पोचायला तीन पावलं पुरली असती. मिलीताई पुढे झाली, म्हणाली, काका, मला फक्त त्यांच्या खिशातली ती...

काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही. नुसता तळहात आडवा केला. थांब.

"लोड हवेत आहे," ते हळूच म्हणाले.

हा नियम तिला लहानपणापासून पाठ होता. लोड, म्हणजे दोराला टांगलेलं ओझं, हवेत असताना ड्रायव्हर खुर्ची सोडत नाही, आणि कोणी त्याच्याशी बोलत नाही. खुणेवाल्याखेरीज कोणी त्याच्या नजरेतही यायचं नाही. हा नियम बाबांनी घरातही लावला होता. तोंडात घास असताना भांडण काढलं की म्हणायचे, लोड हवेत आहे, खाली उतरू दे, मग बोल. पण इथे लोड कुठला? रंगवलेला डबा, खोटा दोर. घरी खरा जिना अडला होता, खरी माणसं पत्र्यावर पेन्सिल घेऊन थांबली असतील, आणि कुलूपराव एव्हाना बेल वाजवत असतील.

तिने पाऊल उचललं आणि तिची नजर बाबांच्या डाव्या हातावर गेली.

तो दांड्यावर होता. नुसता ठेवलेला नव्हता, दांडा त्याच्या मुठीत होता. घरच्या गेममध्ये अंगठ्याने ढकलायची बोटभर दांडी, इथे अख्खं मनगट लागत होतं. डबा डावीकडे झोका खाऊन गेला की तो हात दांडा डावीकडे नेत होता, झोक्याच्या मागोमाग, झोका जिरेपर्यंत. रडतं मूल खांद्यावर घेऊन माणूस डुलतो ना, तसं. मनगट थरथरत होतं. कानशिलावरून घामाची रेघ उतरली होती. उजवा हात मदतीला येत नव्हता, त्याला त्याचं काम होतं.

मिलीताईने उचललेलं पाऊल परत खाली ठेवलं. तिच्या मुठीत तिचा फोन थरथरायला लागला. वर्कशॉपचा. तिने तो कापला.

झोका कमी होत होत थांबला. काकांचा हात खाली दबायला लागला, उतरव, उतरव. लाल डबा खालच्या डब्याच्या चार कोपऱ्यांवर आला. वीतभर उरलं. आता टेकणार, आणि डावा हात लटपटला. डबा कोपरा सोडून हलला. बाबांनी तो परत वर घेतला.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी कुलूपराव. घरी पोचले होते तर. तिने तोही कापला, आणि कापल्या कापल्या तिच्या लक्षात आलं की आता 'येऊ नका' म्हणायची वेळ गेली आणि खोटं बोलायचीही गेली. आत्याने फार तर दार अडवलं असेल. इथून घर बरंच लांब होतं. ड्राइव्ह आत्ता खेचली तरी ती त्यांच्या डोळ्यांदेखतच लावावी लागणार होती. मग घाई कशाची?

बाबांनी दुसऱ्यांदा डबा आणला. पुन्हा वीतभर उरलं, पुन्हा कोपरा सुटला, पुन्हा डबा वर. तिसऱ्यांदा झोका शांत व्हायला बराच वेळ लागला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मिलीताईला स्वतःचा डावा हात दुखायला लागल्यासारखा वाटला, आणि तिने पाहिलं तर तिने मूठ वळलेली होती, दांडा धरावा तशी.

डबा टेकला. आवाजसुद्धा आला नाही.

काकांनी दोन्ही हात एकमेकांत गुंफून पोटाशी आणले. काम संपलं, ही खूण. बाबांनी दांडे सोडले, उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला, आणि मगच मान वळवली. लेकीला बघून ते दचकले नाहीत.

"अहो बाबा, ती कशाला आणलीत?" तिचा आवाज चिरकला.

"बाहेरची ना? म्हणून बाहेर आणली," बाबा म्हणाले. "पण ही तर नावाचीच बाहेरची. घर सोडून चालतच नाही."

तिने त्यांच्या खिशातून ड्राइव्ह काढली. कॉम्प्युटर अडलाय, ऑफिसचा माणूस दारात आहे, एवढंच भरभर सांगितलं. ऐकून बाबांचा चेहरा उतरला, पण त्यांनी मी येतो तुझ्याबरोबर म्हटलं नाही. तू पळ, मी बसने येतो, म्हणाले. मिलीताई दारात घुटमळली. काका वाकून बाबांच्या डाव्या बुटाची नाडी बांधत होते आणि बाबा त्यांना बांधू देत होते. ती पळाली.

कुलूपराव जिन्याच्या पायरीवर बसले होते, मांडीवर बॅग. बंद दाराआडून आत्या त्यांना सांगत होती की ओळखपत्र काय, कोणीही छापतं, परवाच शेजारी एक जण गॅस तपासायला आला आणि कुकर घेऊन गेला. कुलूपराव, खरंय आजी, असं म्हणत होते. मिलीताईच्या हातातली ड्राइव्ह त्यांनी पाहिली, पण विचारलं काही नाही.

आत गेल्यावर तिने ड्राइव्ह लावली आणि बटण दाबलं. पाटी आली. दोन ओळी. कुलूपराव तिच्या खांद्यामागे उभे होते. तिने वरची ओळ निवडली, आतलं घर उघडलं, ड्रॉइंग पाठवलं. वर्कशॉपमधून निरोप आला, मिळालं, पत्रा लावतोय. मग ती खुर्ची फिरवून बसली आणि तिने सगळं सांगितलं. बाबांचा हात, रबरी चेंडू, गेम, बाहेरची, सगळं. मधे आत्याने चहा आणून ठेवला आणि कधी नव्हे ते न बोलता परत गेली.

कुलूपरावांनी एकच प्रश्न विचारला.

"लावल्यावर एकदा काढून पाहिली होतीत?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. पासवर्ड टाकला, चुकीचं दार आतून काढलं, जुनं दार पुढे आणलं. मग न सांगता ड्राइव्हवरच तिचं दार बसवून दिलं. नंतर तिन्ही गोष्टी करून पाहिल्या. जोडून, काढून, परत जोडून. उठताना म्हणाले, मॅडम, मी जे पाहिलं ते मला लिहावं लागेल. मिलीताई म्हणाली, लिहा.

बाबा परत आले ते संध्याकाळ व्हायच्या जरा आधी. जिन्यात बुटांचा आवाज आला, एक पाय टेकवत, एक ओढत. मिलीताई दाराशी उभी होती, पण ती खाली धावली नाही.

साहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत. पुढच्या महिन्यापासून ऑफिसला यायचं, कॉम्प्युटरही परत. पहिले काही दिवस मिलीताई ऑफिसातून तासातासाला घरी फोन लावायची, आणि आत्या सांगायची की तुझा बाप घरात असता तर उचलला असता की. बाबांना अजून शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही. चहाचा कप त्या हातात दिला तर अर्धा बशीत. पण आठवड्यातून एक-दोनदा ते बसने यार्डात जातात, शिकाऊ पोरांच्या मागे उभे राहून त्यांना नावं ठेवतात. त्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला बाहेरची लावली की आता सुरू होते, आणि मग दुपारभर खुर्ची बाबांची.

मिलीताई ड्रॉइंग काढता काढता मधेच थांबते ती एका गोष्टीपाशी. त्या दिवशी खोलीत तीन पडदे होते. बाजूच्या बंद पडद्याच्या काळ्या काचेत दार दिसत होतं. म्हणजे ती आत आली तेव्हा बाबांना ती दिसली असणार. त्यानंतर दोनदा डबा वीतभरावर आला आणि दोनदा त्यांनी तो परत वर घेतला. तिने काकांना विचारून पाहिलं. ते हसले आणि तळहात आडवा केला. बाबांना विचारावं तर ते म्हणणार, गेम आहे तो, खोटा. पण तिला खरंच कळत नाही. त्या दोन वेळांना बाबांचा हात सुटला होता, की लेकीने उभं राहून बघावं म्हणून त्यांनी लोड मुद्दाम हवेत ठेवला होता?